नागपूरहून ग्रेट ओशन रोड: कुटुंबासह कॅरॅव्हॅन पार्कमधील मुक्काम कसा आखावा

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याच्या दक्षिण किनाऱ्यावरून टॉर्की ते अ‍ॅलन्सफर्ड असा सुमारे २४३ किलोमीटरचा ग्रेट ओशन रोड जातो. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सुमारे ३,००० सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात, आपल्या मृत सहकाऱ्यांच्या स्मरणार्थ, तो बांधला. नागपूरहून जाणारी बहुतेक कुटुंबे मेलबर्नहून बसने निघून, ट्वेल्व्ह अपॉसल्स हे समुद्रातील खडकांचे सुळके पाहून, त्याच रात्री परत येतात. ज्यांना हा रस्ता मुलाबाळांसह सावकाश, मुक्काम करत पाहायचा आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. हॉटेलांपेक्षा तेथील कॅरॅव्हॅन पार्क कुटुंबासाठी अधिक सोयीचे आहेत. मात्र त्यांची पद्धत आपल्याला अपरिचित असल्याने आरक्षणापासूनच गोंधळ सुरू होतो.

कॅरॅव्हॅन पार्क, ज्याला आता अनेक ठिकाणी हॉलिडे पार्क म्हणतात, ही कुंपण घातलेली मोठी जागा असते. तिच्यात गाडी किंवा तंबू लावण्यासाठी आखलेले भूखंड, छोटी घरे म्हणजे केबिन, सामाईक स्नानगृहे, सामाईक स्वयंपाकघर, कपडे धुण्याची यंत्रे आणि मुलांचे खेळ असतात. त्यामुळे स्वतःची कॅरॅव्हॅन, म्हणजे कारमागे ओढायचे चाकांवरचे घर, नसली तरी तेथे राहता येते. ही एक गोष्ट आधी कळली, तर निम्मे नियोजन सोपे होते.

१. आधी हंगाम ठरवा

आपल्या शाळांच्या सुट्ट्या आणि तेथील गर्दी यांचा मेळ घालणे हे पहिले काम. डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीअखेरपर्यंत तेथे उन्हाळी सुट्टी असते. या काळात किनाऱ्यावरचे पार्क कित्येक महिने आधी भरतात आणि दरही सर्वाधिक असतात. ईस्टरच्या चार दिवसांतही तीच अवस्था असते. दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल, तर नोव्हेंबरचा पहिला मंगळवार टाळावा. त्या दिवशी मेलबर्न कप या घोड्यांच्या शर्यतीनिमित्त सार्वजनिक सुट्टी असते आणि बरेच लोक सोमवारची रजा जोडून चार दिवस किनाऱ्यावर येतात.

विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात, हे येथे आपल्या पथ्यावर पडते. मे आणि जूनमध्ये पार्क मोकळे असतात आणि दरही उतरलेले असतात. मात्र नागपुरातील ४५ अंशांतून निघालेल्या माणसाला तेथील कमाल १५-१६ अंश आणि समुद्रावरचा बोचरा वारा चांगलाच जाणवतो. शिवाय मेच्या मध्यानंतर सूर्य सव्वापाचच्या सुमारास मावळतो, त्यामुळे दिवसाचा प्रवास दुपारीच संपवावा लागतो. जूनच्या दुसऱ्या सोमवारीही तेथे सुट्टी असते. तेवढा शनिवार-रविवार सोडून आखणी करावी. थंडी सोसण्याची तयारी असेल, तर माझे मत जूनच्या बाजूने आहे, कारण जून ते सप्टेंबर या काळात वॉर्नमबूलजवळच्या लोगन्स बीचच्या किनाऱ्याशी सदर्न राइट जातीचे देवमासे पिलांना घेऊन येतात.

२. मोटरहोम की केबिन, याचा निर्णय

पर्याय तीन आहेत: मोटरहोम, म्हणजे आतच झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, भाड्याने घेऊन पार्कमधील वीजजोडणीच्या भूखंडावर, म्हणजे पॉवर्ड साइटवर, मुक्काम करणे, साधी कार घेऊन पार्कमधील केबिनमध्ये राहणे, किंवा कारमागे कॅरॅव्हॅन ओढत नेणे. तिसरा पर्याय नवख्याने विचारातच घेऊ नये. ओढलेली कॅरॅव्हॅन मागे घेऊन भूखंडात बसवणे हे सरावाचे काम आहे आणि प्रवासात त्या कॅरॅव्हॅनमध्ये कोणालाही बसू देता येत नाही.

मोटरहोमचे आकर्षण मुलांना फार असते, आणि ते खोटे नाही. तरीही आजी-आजोबा बरोबर असतील, तर केबिन घ्यावी, असे मी स्पष्टपणे सांगेन. मोटरहोममधील वरचा पलंग छताला चिकटलेला असतो, शौचालयाची जागा अतिशय अरुंद असते, आणि रात्री सामाईक स्नानगृहापर्यंत थंडीतून चालत जावे लागते. दोन खोल्यांच्या केबिनमध्ये स्वतंत्र न्हाणीघर, ओटा, फ्रिज आणि हीटर मिळतो. पॉवर्ड साइटला लागूनच खासगी न्हाणीघर असलेली ‘एन्सुइट साइट’ काही पार्कमध्ये असते. मोटरहोमचाच आग्रह असेल, तर हा मधला मार्ग चांगला आहे.

मोटरहोम निवडताना सर्वांत जास्त फसगत होते ती माणसांच्या संख्येत. ‘सहा जणांसाठी’ याचा अर्थ सहा जणांना झोपता येते, एवढाच असू शकतो. पट्टा असलेल्या बैठका आणि मुलांचे आसन बांधण्याची सोय किती जागांवर आहे, हे वेगळे विचारावे लागते. व्हिक्टोरियाच्या नियमानुसार सात वर्षांखालील मुलाला त्याच्या वयानुरूप मान्यताप्राप्त आसनातच बसवावे लागते. हे आसन ऑस्ट्रेलियन मानकाचे असावे लागते. त्यामुळे नागपूरहून आपले आसन नेऊन उपयोग नाही. ते गाडीबरोबरच भाड्याने घ्यावे.

३. टप्पे आखा आणि गाडीच्या आधी पार्क आरक्षित करा

बहुतेक जण आधी गाडी ठरवतात आणि मग मुक्कामाच्या जागा शोधतात. क्रम उलटा ठेवावा. गाड्या अनेक असतात. अपोलो बे किंवा पोर्ट कॅम्पबेलसारख्या लहान गावांत मोजकेच पार्क आहेत, आणि त्यांतील कुटुंबाच्या केबिन त्याहून मोजक्या. तारखा पार्कनुसार ठरवाव्यात आणि गाडी त्या तारखांना घ्यावी.

समृद्धी महामार्गावर एका दिवसात ७०१ किलोमीटर कापणाऱ्या नागपूरकराला येथील अंतरे क्षुल्लक वाटतील. ती तशी नाहीत. अँगलसी ते अपोलो बे हा भाग डोंगराच्या कडेने, वळणावळणाने जातो आणि थांबण्याची ठिकाणे पदोपदी येतात. माझ्या मते पुढील टप्पे कुटुंबाला झेपतात:

पहिला मुक्काम टॉर्की किंवा अँगलसी, मेलबर्नपासून सुमारे १००-११० किलोमीटर. नव्या गाडीची सवय होण्यासाठी एवढे अंतर पुरे.

दुसरा मुक्काम अपोलो बे. अंतर जेमतेम ७५ किलोमीटर, पण ईस्टर्न व्ह्यू येथील स्मारक कमान, लॉर्न, आणि केनेट रिव्हर येथील निलगिरीच्या झाडांवरचे कोआला पाहण्यात दिवस जातो. शक्य असल्यास येथे दोन रात्री राहावे. मधल्या दिवशी केप ऑटवेचा १८४८ सालचा दीपस्तंभ आणि ऑटवेचे वर्षावन पाहता येते, आणि रोज सामान आवरण्याच्या कटकटीतून घरच्या मंडळींची एक दिवस सुटका होते.

तिसरा मुक्काम पोर्ट कॅम्पबेल, सुमारे ९५ किलोमीटर. हा रस्ता समुद्र सोडून लॅव्हर्स हिलमार्गे जंगलातून जातो. ट्वेल्व्ह अपॉसल्स येथून १२ किलोमीटरवर आहेत. येथे मुक्काम करण्याचा खरा फायदा असा की, मेलबर्नच्या बस परत गेल्यावर संध्याकाळी आणि त्या पोहोचण्यापूर्वी सकाळी आपल्याला तो किनारा शांतपणे पाहता येतो. यांतील एक सुळका जुलै २००५ मध्ये कोसळला, आणि जवळच्या लंडन ब्रिज या खडकाची कमान जानेवारी १९९० मध्ये पडली. त्यामुळे कठड्यापलीकडे न जाण्याच्या सूचना तेथे गांभीर्याने घ्याव्यात.

चौथा मुक्काम वॉर्नमबूल. तेथून कोलॅक आणि जिलाँगमार्गे आतल्या महामार्गाने मेलबर्न सुमारे २६० किलोमीटर आहे.

प्रवास याच दिशेने, म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे करावा. तेथेही गाडी डावीकडूनच चालते, त्यामुळे या दिशेने जाताना समुद्र आपल्या बाजूला राहतो आणि रस्ता न ओलांडता थांब्यावर वळता येते.

आरक्षण करताना पुढील बाबी वाचल्याशिवाय पैसे भरू नयेत. दाखवलेला दर बहुधा दोन प्रौढांचा असतो. मुले आणि तिसरे-चौथे प्रौढ यांचे वेगळे आकारतात. केबिनमध्ये चादरी-टॉवेल मिळतात का, हे पाहावे. स्वस्त केबिनमध्ये ते आपले आपण आणायचे असतात. सुट्टीच्या काळात किमान दोन किंवा अधिक रात्रींची अट असते. रद्द करण्याची मुदत प्रत्येक पार्कची निराळी असते. मोटरहोम असल्यास तिची लांबी कळवावी आणि गाडी मागे न घेता सरळ पुढून बाहेर काढता येणारी ‘ड्राइव्ह-थ्रू’ साइट मागावी. बिग-४ आणि डिस्कव्हरी यांसारख्या साखळ्यांची सदस्यता घेतल्यास सवलत मिळते, पण दोन-तीन रात्रींसाठी ती परवडते का, याचा हिशेब करावा. गावातील सार्वजनिक जमिनीवरचे समुद्रालगतचे पार्क अनेकदा साधे असतात, परंतु त्यांची जागा उत्तम असते.

पैसे वाचवण्यासाठी वाहनतळावर किंवा समुद्रकाठच्या थांब्यावर गाडीत झोपण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मानू नये. या रस्त्यालगतच्या गावांत तशी मनाई आहे आणि दंड होतो.

४. कागदपत्रे

• पारपत्र आणि प्रत्येकाचा स्वतंत्र पर्यटक व्हिसा (उपवर्ग ६००). अर्ज ऑनलाइन होतो. तान्ह्या बाळाचाही वेगळा अर्ज लागतो. बँकेचे विवरण, प्राप्तिकर विवरणपत्रे, नोकरी असल्यास रजेचे पत्र आणि प्रवासाचा आराखडा जोडावा. आई-वडिलांपैकी एकच जण मुलाला नेत असल्यास दुसऱ्याच्या संमतीचा १२२९ क्रमांकाचा अर्ज भरावा.
• मूळ वाहन परवाना. महाराष्ट्राचा स्मार्ट कार्ड परवाना इंग्रजीत असल्याने व्हिक्टोरियात पर्यटकाला तो चालतो.
• आंतरराष्ट्रीय वाहन परवाना. कायद्याने तो आवश्यक नसला, तरी गाडी भाड्याने देणारे तो मागू शकतात, म्हणून काढून ठेवावा. आपला पत्ता ज्या परिवहन कार्यालयाच्या हद्दीत येतो तेथे, म्हणजे नागपूर शहर (एमएच-३१), नागपूर पूर्व (एमएच-४९) किंवा नागपूर ग्रामीण (एमएच-४०) येथे, परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरून अर्ज करावा. शुल्क १,००० रुपये आहे आणि मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. व्हिसा हाती येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही, कारण अर्जासाठी व्हिसाची अट २०२१ मध्ये काढून टाकण्यात आली.
• मुख्य चालकाच्या नावाचे क्रेडिट कार्ड, आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करून घेतलेले. गाडीची अनामत रक्कम त्यावर अडकवली जाते. ती मोठी असते, म्हणून मर्यादा आधी तपासावी. प्रीपेड फॉरेक्स कार्ड यासाठी बहुधा स्वीकारत नाहीत.
• प्रवास विमा, नियमित औषधांच्या इंग्रजी चिठ्ठ्या, आणि सर्व आरक्षणांच्या छापील प्रती.

छापील प्रतींचा आग्रह यासाठी की, ऑटवेच्या जंगलात मोबाइलला अनेक ठिकाणी रेंज नसते. नकाशेही आधीच फोनमध्ये उतरवून ठेवावेत.

५. खाण्याच्या वस्तूंचा प्रश्न

नागपूरची संत्रा बर्फी मेलबर्नच्या नातेवाइकांसाठी न्यायची इच्छा प्रत्येकाला होते. नेऊ नये. दुधाच्या मिठाया, तूप, ताजी फळे, बियाणे आणि मांस यांना तेथे प्रवेश नाही. संत्री तर पिशवीत विसरूनही राहता कामा नयेत. सावजी मसाल्यासारखे कोरडे मसाले कंपनीच्या बंद पॅकेटमध्ये न्यावेत आणि विमानात मिळणाऱ्या कार्डावर खाद्यपदार्थ असल्याचे ‘होय’ असे लिहावे. नमूद केलेली वस्तू नियमात न बसल्यास अधिकारी ती काढून घेतात आणि विषय संपतो; लपवलेली सापडल्यास मोठा दंड होतो, आणि व्हिसाही रद्द होऊ शकतो. घरी दळलेले तिखट कितीही उत्तम असले, तरी बिनलेबलच्या पुडीतून नेण्यात शहाणपण नाही.

तांदूळ, डाळ, कणीक यांचे ओझे वाहण्याचेही कारण नाही. मेलबर्नहून जिलाँगच्या दिशेने निघाल्यावर टार्नीट आणि पॉइंट कुक या उपनगरांत भारतीय वस्ती मोठी आहे. तेथील दुकानांत सर्व काही मिळते. पुढच्या लहान गावांत मिळणार नाही, म्हणून खरेदी तेथेच उरकावी.

६. गाडी ताब्यात घेताना

नागपूरहून दिल्ली किंवा मुंबईमार्गे मेलबर्नला पोहोचेपर्यंत शरीर थकलेले असते. त्याच दिवशी गाडी घेऊ नये. एक रात्र शहरात झोपावे. मोटरहोम देणारी बरीच केंद्रे दुपारी चार-साडेचारला बंद होतात, हेही लक्षात ठेवावे.

ताबा घेताना गाडीचे चारही बाजूंनी, छताचे आणि शक्य तेवढे खालच्या भागाचे छायाचित्रण करावे. विम्यातून वगळलेल्या बाबी स्वतः वाचाव्यात: छताचे आणि तळाचे नुकसान, कच्च्या रस्त्यावरील नुकसान आणि चुकीचे इंधन भरल्याचा खर्च सहसा आपल्यावर येतो. गाडीची उंची मीटरमध्ये एका चिठ्ठीवर लिहून चालकासमोर चिकटवावी, कारण वाहनतळांच्या कमानी आणि झाडांच्या फांद्या यांचा अंदाज कार चालवणाऱ्याला नसतो. वीजतार, पाण्याची नळी, सांडपाण्याची नळी आणि शौचालयाचे रसायन या चार वस्तू गाडीत आहेत याची खात्री करूनच निघावे. साडेचार टनांपर्यंतची गाडी साध्या कारच्या परवान्यावर चालवता येते.

७. पार्कमध्ये पोहोचल्यावर

प्रवेश साधारण दुपारी दोननंतर आणि जागा सोडणे सकाळी दहापर्यंत, अशी वेळ असते. कार्यालय संध्याकाळी बंद होते. उशीर होणार असेल, तर दुपारीच फोन करावा. ते किल्ली आणि फाटकाचा सांकेतिक क्रमांक कोठे ठेवतात, ते सांगतात.

मोटरहोम भूखंडावर लावताना एकाने खाली उतरून मागे उभे राहावे. मग वीजजोडणी. ही तार १५ अँपिअरची असते आणि तिच्या प्लगची एक पट्टी रुंद असते. घरगुती तार किंवा अ‍ॅडॉप्टर लावून काम भागवू नये. १५ अँपिअर म्हणजे सुमारे साडेतीन हजार वॅट. हीटर, विजेची किटली आणि मायक्रोवेव्ह एकाच वेळी लावल्यास खटका पडतो, आणि सकाळच्या चहाच्या वेळी तो हमखास पडतो.

पाणी भरताना नळावरची पाटी वाचावी, कारण प्रत्येक नळाचे पाणी पिण्याचे नसते. शौचालयाची टाकी फक्त डंप पॉइंटवरच, म्हणजे ती ओतण्यासाठी नेमून दिलेल्या जागीच, रिकामी करावी, सामाईक शौचालयात कधीही नाही. हे काम कोणालाच आवडत नाही. ते कोणी करायचे, हे नागपुरातच ठरवून घ्यावे, म्हणजे तेथे वाद होत नाहीत. हातमोजे बरोबर ठेवावेत आणि टाकी काठोकाठ भरण्याची वाट पाहू नये.

रात्री दहा ते सकाळी सातपर्यंत शांतता पाळायची असते आणि ती खरोखर पाळली जाते. आत गाडी चालण्याच्या वेगाने न्यावी, कारण मुले सायकलींवर कोठूनही येतात. दुसऱ्याच्या भूखंडातून आडवे जाणे असभ्य समजतात. स्नानगृहात आंघोळीनंतर फरशीवरचे पाणी वायपरने ओढून बाहेर पडावे. ओळखीचे कोणी भेटायला येणार असल्यास कार्यालयाला आधी कळवावे. काही पार्क पाहुण्यांचे शुल्कही घेतात.

८. स्वयंपाक

फोडणी मोटरहोममध्ये देऊ नये. धुराचा गजर लगेच वाजतो आणि हिंगाचा वास गादीत मुरतो. सामाईक स्वयंपाकघर म्हणजे कॅम्प किचन त्यासाठीच असते: तेथे शेगड्या, सिंक, फ्रिज आणि टेबले असतात, भांडी मात्र बहुधा नसतात. लहान प्रेशर कुकर, एक कढई आणि तवा न्यावा. संध्याकाळी सहा ते साडेसातच्या दरम्यान गर्दी होते. त्याआधी भात-वरण उरकून घ्यावे.

शाकाहारी कुटुंबांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सामाईक बार्बेक्यूच्या तव्यावर मांस भाजलेले असते, आणि तो वरवर पुसलेला असतो. भाज्या किंवा पनीर भाजायचे असल्यास जाड अ‍ॅल्युमिनियम फॉइल अंथरावी किंवा आपला तवा वापरावा. उन्हाळ्यात ‘टोटल फायर बॅन’ जाहीर झालेल्या दिवशी उघड्यावर आग पेटवणे गुन्हा ठरते. त्या दिवशी पार्कचे कर्मचारी सांगतील तीच शेगडी वापरावी. आपत्तीचे इशारे देणारे व्हिक-इमर्जन्सी हे अ‍ॅप फोनमध्ये असू द्यावे. आपत्कालीन क्रमांक ००० आहे.

९. रस्ता आणि समुद्र

वस्तीत वेगमर्यादा साधारण ५० आणि शाळेजवळ ४० किलोमीटर असते, आणि कॅमेरे सर्वत्र आहेत. मागे गाड्यांची रांग लागली, तर ‘स्लो व्हेइकल टर्नआउट’ अशी पाटी दिसताच बाजूला होऊन त्यांना जाऊ द्यावे. पहाटे आणि अंधार पडताना कांगारू व वॉलबी रस्त्यावर येतात, म्हणून सूर्यास्तापूर्वी मुक्काम गाठावा. लॅव्हर्स हिलच्या जंगलात शिरण्यापूर्वी अपोलो बे येथे इंधन भरून घ्यावे.

आपण फुटाळा आणि अंबाझरीच्या काठावर वाढलेली माणसे. या समुद्राचा अंदाज आपल्याला नसतो. पाण्यात फक्त लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या पट्ट्यातच उतरावे. हे झेंडे आणि जीवरक्षक उन्हाळी हंगामातच असतात. मे-जूनमध्ये ते नसतात, आणि तेव्हा मुलांना गुडघाभर पाण्यातही सोडू नये, कारण वरून शांत दिसणाऱ्या पट्ट्यातच आत ओढणारा प्रवाह असू शकतो.

१०. गाडी परत करताना

शेवटच्या सकाळी पार्कमध्येच सांडपाण्याची आणि शौचालयाची अशा दोन्ही टाक्या रिकाम्या कराव्यात. केंद्रावर भरलेल्या दिल्यास वेगळे शुल्क लागते. मेलबर्नमध्ये टोलनाके नाहीत. टोलची नोंद कॅमेऱ्याने होते आणि भाडेकंपनी ती रक्कम स्वतःचे शुल्क लावून नंतर कार्डावर टाकते. म्हणून परतल्यावर ते कार्ड लगेच बंद करू नये. अनामत सुटून भारतीय बँकेच्या खात्यात दिसण्यासही काही दिवस लागतात. तोपर्यंत इंधनाची शेवटची पावती, परत करतानाची छायाचित्रे आणि केंद्राने दिलेली पोच जपून ठेवावी.